सूचना कालची की आत्ताची?

समजा, उजनीतून भीमेत पाणी सोडल्याची सूचना एखाद्या ॲपवर दिसली: ‘१४ ऑगस्ट, २०:००’. तुमच्या घड्याळात १५ तारखेचे पहाटेचे दोन वाजलेत. कालचीच आहे म्हणून तुम्ही सोडून देता. पण ती अर्ध्या तासापूर्वीची असू शकते!

सर्व्हर बहुतेक वेळा यूटीसी ही जागतिक वेळ नोंदवतो. आपण तिच्या साडेपाच तास पुढे. फोनचा टाइम झोन बघून ही भर ॲपने घालायची असते. ती राहिली, की रात्री १२ ते पहाटे ५:३० मध्ये तारीखही आदल्या दिवसाची दिसते.

वेळेपुढे ‘यूटीसी’ किंवा इंग्रजी ‘झेड’ असेल तर ५:३० मिळवा. काहीच नसेल तर धरणाजवळच्या ओळखीच्या माणसाला फोन लावा. नदीतली मोटार वाचेल.