रात्री झोपताना एक ‘किशोर’

मोबाइल काढून घेतला की मुलांच्या हातात द्यायचं काय? आमच्या घरी ‘किशोर’ देतो. बालभारतीने १९७१ मध्ये सुरू केलेलं हे मासिक आजही निघतं. जुने अंकही डिजिटल करून बालभारतीने मोफत वाचायला ठेवलेत. केवढा खजिना आहे हा! आजी-आजोबांनी लहानपणी वाचलेला अंक त्यांच्यासमोर उघडा, मग बघा कशा गप्पा रंगतात.

माझा आग्रह मोठ्याने वाचून दाखवण्याचा. मूल स्वतः वाचू लागलं तरी हे बंद करू नका. रोजच्या बोलण्यात न येणारे शब्द त्यातूनच कानावर पडतात. आमची लेक तर पानच उलटू देत नाही. चित्रातल्या माकडाच्या शेपटीवर बोट दाबून धरते, “थांब ना बाबा, हा झाडावरून उतरणार कसा?” मग गोष्ट राहते बाजूला आणि आमच्या गप्पा सुरू!

धाकटी मुलं असतील तर हेही लक्षात घ्या. जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून सांगतेय, २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त १ तास स्क्रीन, तोही कमी तितका चांगला. मुलं बसून असतील तेव्हा गोष्टी सांगा, वाचून दाखवा, असंही संघटनेने म्हटलंय. जुने अंक स्क्रीनवर वाचायचे असतील तर फोन तुमच्याच हातात ठेवा. शक्य असेल तर सरळ छापील अंकाची वर्गणी भरा.