सनस्क्रीनला रंग कशासाठी? वांग असेल तर ट्यूबवर काय वाचावे

आटपाडीच्या डाळिंबाला उन्हाचा चट्टा पडला की सौद्यात दर पडतो. म्हणून बागायतदार झाडांवर क्रॉप कव्हर टाकतात, कुणी जुन्या साड्या बांधतात, कुणी केओलिनची पांढरी फवारणी घेतात. त्याच बागेत दिवसभर खुरपणी, तोडणी करणाऱ्या महिलांच्या चेहऱ्याला मात्र पदर किंवा स्कार्फपलीकडे फारसे काही नसते. गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर हळूहळू तपकिरी डाग उमटतात. आपल्याकडे त्याला वांग म्हणतात, डॉक्टरांच्या भाषेत मेलाझ्मा. गरोदरपण, हार्मोन्स, घराण्यातली प्रवृत्ती ही त्याची कारणे; पण डाग गडद करते ते ऊन.

त्यावर आता ‘टिंटेड सनस्क्रीन’चे नाव पुढे येते. कातडीच्या रंगाची क्रीम म्हणजे मेकअपच, असा अनेकांचा समज असतो. वांग असणाऱ्यांसाठी खरा उपयोग त्या रंगाचाच आहे.

रंग नेमके काय करतो?

उन्हात तीन गोष्टी त्वचेपर्यंत पोहोचतात. यूव्हीबी किरण (सुमारे २९० ते ३२० नॅनोमीटर) त्वचा भाजतात. यूव्हीए (३२० ते ४००) खोलवर जाऊन ती काळवंडवतात, सुरकुत्या आणतात. तिसरा म्हणजे डोळ्यांना दिसणारा साधा उजेड, ४०० ते ७०० नॅनोमीटरचा. नेहमीची सनस्क्रीन पहिल्या दोघांसाठी बनलेली असते. लावल्यावर जी क्रीम अजिबात दिसत नाही, ती दिसणारा उजेड अडवणार कशी?

हा उजेड निरुपद्रवी मानला जात असे. अमेरिकेतील डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलमधील संशोधकांनी २०१० मध्ये वेगळे चित्र मांडले. सावळ्या-गव्हाळ त्वचेवर या उजेडाने गडद आणि बराच काळ टिकणारा डाग पडला. गोऱ्या त्वचेवर तसा पडला नाही. म्हणजे हा प्रश्न मुख्यतः आपल्यासारख्या त्वचेचा आहे.

हा उजेड अडवते ते आयर्न ऑक्साइड. आपल्या ओळखीचा गेरू याच कुळातला. (म्हणून गेरू तोंडाला फासू नये, क्रीममधले ऑक्साइड शुद्ध करून बनवलेले असते.) मेक्सिकोत २०१४ मध्ये वांगाच्या साठ-सत्तर रुग्णांवर एक चाचणी झाली. सगळ्यांना औषध एकच, हायड्रोक्विनोन. फरक फक्त सनस्क्रीनचा. आठ आठवड्यांनी आयर्न ऑक्साइडयुक्त सनस्क्रीन वापरणाऱ्यांचे डाग अधिक फिकट झाले. चाचणी छोटी होती, पण दिशा स्पष्ट आहे.

ट्यूबवर काय शोधायचे?

एसपीएफचा आकडा यूव्हीबीपुरता असतो. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के यूव्हीबी अडवते, ५० सुमारे ९८ टक्के. त्यामुळे ५० च्या पुढच्या आकड्यांसाठी जादा पैसे मोजण्यात फार अर्थ नाही. ‘पीए’पुढची अधिकची चिन्हे यूव्हीएबद्दल सांगतात, तीन किंवा चार असावीत. दिसणाऱ्या उजेडाबद्दल यातले एकही चिन्ह काही सांगत नाही. त्यासाठी मागची घटकांची यादीच वाचावी लागते. तिथे ‘आयर्न ऑक्साइड’ किंवा सीआय ७७४९१, ७७४९२, ७७४९९ हे क्रमांक हवेत. ते अनुक्रमे लाल, पिवळ्या आणि काळ्या ऑक्साइडचे. ते नसतील आणि नुसता अभ्रक असेल, तर चेहरा चमकेल, उजेड अडणार नाही. प्रमाण किती, हे बहुतेक कंपन्या छापत नाहीत, ही खरी अडचण आहे. भारतात सनस्क्रीन औषधात नव्हे, सौंदर्यप्रसाधनात मोडते. परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत तरी पाहूनच घ्यावी.

कोणत्या त्वचेला कोणती?

तेलकट, मुरमांची त्वचा असेल तर जेल किंवा पातळ फ्लुइड. ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ असे लिहिलेले. कोरडी असेल तर क्रीम. लवकर खाज सुटत असेल किंवा गरोदरपण असेल तर झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड हे खनिज घटक असलेली आणि बिनवासाची बरी. शेड स्वतःच्या रंगाशी जुळणारी घ्यावी. उजळ दिसण्यासाठी फिकट शेड घेतली तर चेहरा राखाडी दिसतो, आणि त्यात ऑक्साइडही साधारणपणे कमी असते. नवी क्रीम आधी कानामागे दोन-तीन दिवस लावून पाहावी.

खर्चाचे गणित

एसपीएफची चाचणी त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम क्रीम लावून होते. प्रत्यक्षात लोक त्याच्या निम्मीही लावत नाहीत, आणि रंग थापल्यासारखा दिसेल म्हणून टिंटेड तर आणखी पातळ लावली जाते. चेहऱ्याला एका वेळी साधारण एक ग्रॅम लागते. ५० ग्रॅमची ट्यूब ५०० रुपयांची धरली तर दिवसातून दोनदा लावण्याचे २० रुपये, महिन्याचे ६००. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला हे परवडणारे नाही. घामाने क्रीम उतरते, दर दोन तासांनी पुन्हा लावा म्हणावे तर खर्च वाढतो.

म्हणून शेतात स्कार्फ, रुंद काठाची टोपी आणि साडीवर घातलेला पूर्ण बाह्यांचा शर्ट यांना पर्याय नाही. क्रीम उघड्या राहणाऱ्या भागासाठी: गालाचा वरचा भाग, नाक, कपाळ. मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आटपाडीत दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. उन्हाळ्यात स्वच्छ आकाश असेल तर भरदुपारी अतिनील निर्देशांक ११ च्या वर, म्हणजे ‘अतितीव्र’ गटात जातो. बारा ते तीन काम थांबवता आले तर ट्यूबही जास्त दिवस पुरेल.

सनस्क्रीन जुना डाग पुसत नाही. तो गडद होण्यापासून वाचवते. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. या काळात धीर सुटतो आणि कुणीतरी सुचवलेली, आठवड्यात उजळवणारी क्रीम घरात येते. अशा अनेक क्रीममध्ये स्टेरॉइड असते. त्वचा पातळ होते, लाल पडते आणि क्रीम थांबवताच वांग उलटून येतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायच्या स्टेरॉइड औषधांची चिठ्ठीशिवाय होणारी विक्री रोखणारा नियम केला, तो यामुळेच. अशी क्रीम आधीच सुरू असेल तर एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांना ट्यूबसह दाखवावी.