गाडीचे हँडल आणि कमावता हात

मोटारसायकल घेताना आपल्या घरांतून बऱ्याच गोष्टी पाहिल्या जातात. लिटरला किती पळते, हप्ता किती बसतो, जुनी असेल तर इंजिन उघडलेले आहे की नाही, मागे बायको-पोर नीट बसते की नाही. हँडल मात्र कोणी पाहत नाही. पाहिलेच तर ते दिसते कसे एवढेच पाहिले जाते. वास्तविक माणसाचा आणि गाडीचा संबंध तीनच जागी येतो: सीट, पायाचा फूटरेस्ट आणि हँडल. त्यातले सीट व फूटरेस्ट सहसा कोणी बदलत नाही. बदलले जाते ते हँडल, आणि तेही बहुधा चुकीच्या कारणासाठी.

आमच्या गल्लीत एक तरुण कामगार राहतात. त्यांचे नाव येथे देत नाही, भाऊ म्हणू. इंदोऱ्याहून बुटीबोरीच्या एका कारखान्यात ते कंत्राटावर कामाला जातात. जायला तीस किलोमीटरच्या वर, यायला तेवढेच. भाऊंनी १०० सीसीची जुनी गाडी घेतली. तिच्यावर आधीच्या मालकाने सरळ, आडव्या नळीसारखे हँडल बसवले होते. गाडी देखणी दिसत होती आणि भाचा तर खूशच झाला. दोन महिन्यांत भाऊंच्या उजव्या हाताची करंगळी व तिच्या शेजारचे बोट बधिर होऊ लागले. काम बारीक तारा जोडण्याचे. हातातून तार सुटू लागली. सुपरवायझरने दोनदा पाहिले आणि तिसऱ्यांदा सांगितले, "जमत नसेल तर दुसरा माणूस बघतो." कंत्राटी माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

भाऊंनी साखर तपासली, ती बरोबर निघाली. मानेचा फोटो काढला, त्यातही काही नाही. वहिनींनी गळ्यातले मणी मोडण्याची तयारी केली होती. शेवटी सरकारी दवाखान्यातील एका डॉक्टरांनी विचारले, "कामावर कशाने येता-जाता?" मग तळहाताच्या मुळाशी, करंगळीच्या बाजूला, अंगठ्याने दाबले. भाऊ कळवळले. "येथून शीर जाते. रोज दोन तास तुम्ही तिच्यावर अंगाचा भार टाकता."

सायकलवर लांब अंतर कापणाऱ्यांना हा त्रास फार पूर्वीपासून ठाऊक आहे. करंगळीकडे जाणारा मज्जातंतू तळहाताच्या मुळाशी कातडीखाली अगदी वर असतो. भार पडला की तो दबतो आणि दीड बोट झोपते. अंगठा व त्याच्या शेजारची बोटे बधिर होत असतील तर दबणारी शीर दुसरी. ती मनगटाच्या मधून जाते आणि मनगट सतत वाकलेले राहिले की कुरकुरते. एक सिलिंडरच्या इंजिनाची थरथर त्यात भर घालते.

आता प्रश्न असा की, सरळ हँडल इतके वाईट असेल तर ते जगात आले कशाला? ते वेगासाठी आले. इंग्लंडमध्ये १९५० व ६० च्या दशकांत तरुण पोरे, त्यांत कामगारांची पोरे पुष्कळ, गाडीचे हँडल खाली घेत आणि लंडनच्या ऐस कॅफेसारख्या ठिकाणी जमून रस्त्यावर शर्यती लावत. खाली वाकले की वारा कमी लागतो. मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, शर्यतीच्या गाडीत फूटरेस्टही मागे सरकवलेला असतो, त्यामुळे पायांवर अंग तोलता येते. दुसरी, शंभराच्या वर वेग गेला की समोरचा वारा छातीला मागे ढकलतो, म्हणजे अर्धा भार वाराच उचलतो. आपल्या १०० सीसी गाडीचा फूटरेस्ट पुढेच आहे आणि वर्धा रोडवर सकाळी ट्रकांच्या मागे आपण चाळीस-पन्नासने चाललेलो असतो. तेथे भार उचलायला वारा नाही, पाय नाहीत. सगळा भार तळहातांवर. आम्ही बी.कॉम. झालेला कारकून माणूस, आम्हाला हा हिशेब असा दिसतो: जमेला शून्य आणि खर्चाला दोन मनगटे.

मग उलट टोक. अमेरिकेत खांद्याच्याही वर मुठी जातील अशी उंच हँडले निघाली आणि आपल्याकडेही हौशी पोरे ती लावतात. त्यात तळहात मोकळे राहतात, पण हात लोंबकळत ठेवल्याने खांदे भरून येतात, सगळा वारा छातीवर बसतो आणि गाडीवरचा ताबाही सैल होतो. १९८५ साली आलेल्या सी डी १०० ने आणि १९९४ च्या स्प्लेंडरने आपल्याकडे जी बैठक घरोघरी नेली, ती या दोहोंच्या मधली आहे. पाठ ताठ, कोपर किंचित वाकलेले, खांदे खाली. ती दिसायला साधी आहे, हे मान्य. पण रोज साठ किलोमीटर जाणाऱ्याला तीच परवडते.

भाऊंची गोष्ट मात्र येथे संपत नाही. डॉक्टरांचे ऐकून ते त्याच संध्याकाळी एका गॅरेजात गेले आणि "उंच हँडल टाका" म्हणाले. मिस्त्रीने पाऊण तासात टाकले. वायरी मात्र जुन्याच ठेवल्या. दुसऱ्या दिवशी मागे वहिनी, त्यांच्या मांडीवर धाकटी. गल्लीच्या तोंडाशी हँडल पूर्ण वळवले तशी अ‍ॅक्सिलेटरची वायर ताणली गेली, मूठ न पिळताच इंजिनाने रेस घेतली आणि गाडी समोरच्या ओट्यावर चढली. वहिनींच्या गुडघ्याला चार टाके पडले. धाकटी वहिनींनी छातीशी धरली म्हणून वाचली. भाऊ त्या रात्री आमच्याकडे येऊन म्हणाले, "दादा, गाडीच विकून टाकतो." विकली असती तर दोन बस बदलून कामावर वेळेवर पोहोचणे त्यांना शक्य नव्हते.

रविवारी आम्ही त्यांना घेऊन एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्यांनी आधी हत्यार उचललेच नाही. गाडी डबल स्टँडवर लावली. भाऊंना हेल्मेट आणि कामाचे बूट घालून बसायला सांगितले. "एवढे नाही," ते म्हणाले, "मागे वहिनींना बसवा, मध्ये पोरीला." ही गोष्ट आम्हालाही सुचली नव्हती. कुटुंब मागे बसले की चालवणारा टाकीकडे सरकतो, चांगला चार बोटे. म्हणजे एकट्याला बरोबर वाटणारे हँडल कुटुंबासकट पोटात येते, आणि कुटुंबासह बरोबर वाटणारे एकट्याला लांब पडते. "जास्त वेळ कसे जाता?" मिस्त्रींनी विचारले. "एकटा." मग माप एकट्याचे धरले आणि तिघे बसून पूर्ण वळवले तरी मूठ मांडीला लागत नाही एवढे पाहून घेतले.

माप घेण्याची रीत सोपी आहे. डोळे मिटून बसावे, खांदे सैल सोडावेत आणि हात पुढे करून जेथे आपोआप थांबतील तेथे थांबू द्यावेत. दुसऱ्या माणसाने हँडलच्या मध्यापासून त्या जागेपर्यंत सुतळीने अंतर घ्यावे: वर किती, मागे किती, बाजूला किती. मनगट आणि कोपरापासूनचा हात एका रेषेत यावा. रुंदी खांद्यापेक्षा थोडी जास्त पुरते. फार रुंद घेतले तर पूर्ण वळणावर बाहेरची मूठ गाठायला कंबरेतून वाकावे लागते, आणि बाजारातल्या गर्दीत आरसे लोकांना लागतात ते वेगळेच.

पण वाचकहो, सुतळी काढण्याच्याही आधी एक काम फुकटात होते. हँडल चार बोल्टांच्या क्लॅम्पमध्ये बसलेले असते. ते सैल करून हँडल थोडे मागे किंवा पुढे फिरवता येते. क्लच व ब्रेकचे लिव्हरही नळीवर फिरतात. बोटे सरळ ठेवून लिव्हरवर पडतील असे ते लावले की मनगटाचा निम्मा त्रास जातो. कडक झालेल्या ग्रिप बदलाव्यात. आमच्या पाहण्यात अर्ध्या लोकांचे काम एवढ्यावरच भागते.

भाऊंचे भागले नाही. मिस्त्रींनी कंपनीच्या मूळ आकाराचे हँडल घ्यायला लावले. काही शे रुपयांचे काम. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांची नळी २२ मिलिमीटरची असते, तरी जुने हँडल नेऊन ताडून पाहावे. पडून वाकलेले हँडल ठोकून सरळ करून पुन्हा बसवू नये. ते वाकलेल्या जागी कमजोर झालेले असते आणि मोडते ते चालत्या गाडीत. क्लॅम्पचे बोल्ट आळीपाळीने, सारखे आवळावेत. वायरी मूळ लांबीच्या टाकाव्यात, वाटेत कोठे मुडपू देऊ नयेत. आणि शेवटची परीक्षा: इंजिन चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश वळवावे. आवाज तसूभरही बदलता कामा नये. बदलला तर गाडी गॅरेजातून बाहेर काढू नये, मिस्त्री कितीही घाईत असो.

मूळ आकाराचा आग्रह आम्ही आणखी एका कारणाने धरतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत मनमानी बदल करण्याला आळा घातलेला आहे. चौकात अडवल्यावर वाद घालण्यात कामगाराचा अर्धा दिवस जातो, आणि अपघात झालाच तर विमा कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते.

भाऊंची बोटे पूर्ववत व्हायला सात-आठ आठवडे लागले. मधल्या काळात ते बुटीबोरीच्या अर्ध्या वाटेवर पाच मिनिटे थांबून हात झटकत, आणि हँडलला डबा लटकवणे त्यांनी सोडले. गाडीवरून उतरल्यावरही बधिरपणा जात नसेल किंवा पकड ढिली पडत असेल तर हँडलवर खापर न फोडता डॉक्टर गाठावा, हेही त्या सरकारी दवाखान्यातच सांगितले गेले. कंत्राट पुढच्या वर्षासाठी वाढले.

ते सरळ हँडल अजून माळ्यावर पडून आहे. भाच्याने दोनदा मागितले. वहिनींनी दिले नाही.