थांबण्याचीही एक रीत असते

संगणकाविषयी कला शाखेच्या विद्यार्थ्याने लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु परीक्षेचा अर्ज, शिष्यवृत्ती, निकाल हे सारे आता सर्व्हरच्या खिडकीतूनच आपल्यापर्यंत येते. त्या खिडकीमागे काय चालते हे आपणही जाणून घ्यावे, असे मला वाटते.

सर्व्हर म्हणजे विचारणाऱ्याला उत्तर देणारा प्रोग्रॅम. गर्दी मोठी असली की एकाच प्रोग्रॅमच्या अनेक प्रती एकाच वेळी चालवतात. त्यांवर देखरेख ठेवणारी एक सुप्रसिद्ध प्रणाली म्हणजे कुबरनेटीस. गूगल कंपनीने ती २०१४ साली सर्वांसाठी खुली केली. हा मूळ ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ सुकाणू धरणारा असा आहे.

ही प्रणाली प्रत्येक प्रतीला मुख्यतः दोन प्रश्न विचारू शकते. पहिला, ‘तू जिवंत आहेस का?’ उत्तर आले नाही तर ती प्रत बंद करून पुन्हा सुरू केली जाते. दुसरा, ‘तू काम घ्यावयास तयार आहेस का?’ याचे उत्तर नाही असे आले तर तिला हात लावत नाहीत. फक्त नवे काम तिच्याकडे पाठवणे थांबवतात. वेगळे काही ठरवून दिले नसेल तर दर १० सेकंदांनी विचारणा होते, उत्तरासाठी १ सेकंद मिळतो आणि लागोपाठ ३ वेळा चुकल्यावर निर्णय होतो.

बँकेतला कारकून जागेवर बसला आहे, पण तिजोरीची किल्ली अजून यावयाची आहे, अशी कल्पना करा. त्याच्यासमोर रांग लावू नये हे खरे. पण म्हणून त्याला उठवून पुन्हा बसवल्याने किल्ली येणार आहे थोडीच? सर्व्हरच्या बाबतीत हीच गल्लत होते. माहितीचा साठा जरा अडखळला आणि त्याची चौकशी पहिल्या प्रश्नात घातलेली असली, तर साऱ्या प्रती एकदम ‘मृत’ ठरतात, एकदम पुन्हा उठतात आणि त्या दमलेल्या साठ्यावरच तुटून पडतात. म्हणून पहिला प्रश्न प्रतीच्या स्वतःच्या प्रकृतीपुरताच ठेवावा.

आता थांबण्याविषयी. प्रोग्रॅमची नवी आवृत्ती बसवताना जुन्या प्रती बंद कराव्याच लागतात. युनिक्सच्या परंपरेत यासाठी दोन संदेश आहेत. सिगटर्म, क्रमांक १५, म्हणजे ‘आता आवरते घे’. सिगकिल, क्रमांक ९, याला मात्र दाद ना फिर्याद. कुबरनेटीस या दोहोंमध्ये एरवी ३० सेकंदांची सवलत देते. बँकेची वेळ संपली की दार लोटून घेतात, आत असलेल्यांची कामे उरकतात, हिशेब जुळवतात आणि मगच कुलूप लावतात. सर्व्हरनेही तसेच करावे: नवे काम नाकारावे, हातचे पुरे करावे, साठ्याशी असलेली जोडणी सोडावी आणि मग निघावे.

यात दोन अडचणी असतात. थांबण्याचा संदेश मिळाल्यावरही क्षणभर नवी कामे येतच राहतात, कारण ‘इकडे पाठवू नका’ ही वार्ता सगळीकडे पोहोचण्यास वेळ लागतो. त्यासाठी आधी काही सेकंद थांबण्याची सोय करून ठेवतात. तो वेळ ३० सेकंदांतूनच जातो. दुसरे असे की, प्रोग्रॅम शेलमार्फत सुरू केला असेल तर कित्येकदा संदेश शेलपाशीच अडतो. प्रोग्रॅमला पत्ताच लागत नाही आणि मुदत संपताच तो मारला जातो.

एखाद्या विद्यार्थिनीचे शुल्क खात्यातून वजा झाले आणि पावतीची नोंद होण्याआधी प्रत मारली गेली, तर सर्व्हरच्या लेखी ती एक तुटलेली विनंती असते. नेट कॅफेत बसलेल्या त्या मुलीचे मात्र वर्ष पणाला लागलेले असते, आणि अशा वेळी काय करावे हे सांगणारे तिच्या घरी कोणी असेलच असे नाही. वीज अचानक गेली तर ही सारी शिस्त अपुरी पडते. त्यासाठी व्यवहाराची नोंद आधीच पक्की करून ठेवावी लागते. पण आपल्या हाताने बंद करावयाच्या गोष्टी तरी रीतीने बंद व्हाव्यात. आपल्यापैकी जे कोणी उद्या या क्षेत्राकडे वळतील, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.