रात्रीचे पाणी आणि झोप

रात्री वीज येते तेव्हा आपण उसाला पाणी द्यायला उठतो आणि चहावर रात्र काढतो. पण चहाने झोप भागत नाही. आपण जागे असतो तोवर मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते. त्यामुळे डोळे जड होतात. चहातील कॅफिन त्याचा परिणाम काही तास अडवते. साचलेले द्रव्य मात्र झोपेतच ओसरते. शिवाय शरीराचे घड्याळ उजेडाप्रमाणे लागते, म्हणून दिवसाची झोप तुटक होते. तेव्हा पाण्याची पाळी असेल त्या दिवशी दुपारी तास-दीड तास निजून घ्यावे. पहाटे परतल्यावर अंधाऱ्या खोलीत झोपावे. झोप झाल्याखेरीज कडबाकुट्टीचे यंत्र चालवू नये. एका डुलकीत बोटे जातात.