भूत किती उंचावरून पडलं?

शिक्षकाने टुकार सिनेमे आवडीने पाहावेत का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. पाहावेत, आणि जमलं तर मुलांना जवळ बसवून पाहावेत. मात्र थांबवायचं बटण आपल्या हातात हवं. थिएटरात किंवा जत्रेच्या तंबूत सिनेमा आपल्याला ओढत नेतो. घरच्या व्हिडिओवर आपण त्याला उभा करू शकतो, मागे नेऊ शकतो, एकच क्षण दहादा पाहू शकतो. चांगला सिनेमा असा थांबवला की चिडचिड होते. टुकार सिनेमा मात्र थांबवला की खुलतो.

ही गोष्ट १९८८ च्या गणेशोत्सवातली. तिसगाव हे पाथर्डी तालुक्यातलं, नगर-पाथर्डी रस्त्यावरचं गाव. (जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं; तेव्हा अर्थात सगळे नगरच म्हणत.) मंडळाने वर्गणी काढून एका रात्रीपुरता रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणला होता. घरात व्हीसीआर असणारे लोक फार थोडे, पण लग्न, बारसं, गणपती असं निमित्त निघालं की तो यायचा आणि रात्रभर चालायचा. एक पौराणिक, एक मारधाडीचा, एक मराठी विनोदी आणि मध्यरात्रीनंतर हमखास भुताचा. विजेचा दाब उतरला की चित्र आक्रसायचं. व्हिडिओवाला हेड पुसायला यंत्राचं झाकण उघडायचा, तेव्हा त्याच्याभोवती पोरांचं कडं व्हायचं. ते कडं मला सिनेमापेक्षा जास्त आवडायचं.

भुताचा सिनेमा रामसे बंधूंच्या वळणाचा होता. ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२), ‘पुराना मंदिर’ (१९८४) अशा कमी खर्चाच्या भूतपटांनी रामसेंनी आपला एक प्रेक्षकवर्ग तयार केला, आणि मग नकला करणारेही पुष्कळ निघाले. आमच्याकडे आलेली कॅसेट अशाच एका नकलेची. पडका वाडा, धुकं, वटवाघूळ, कंदील घेऊन फिरणारा म्हातारा नोकर आणि शेवटी बुरुजावरून दरीत कोसळणारं भूत. मोठी माणसं पाहता पाहता पेंगत होती, हसतही होती. मुलं मात्र गप्प होती.

दुसऱ्या दिवसापासून सातवीतली एक मुलगी शाळेत येईना. ती वस्तीवर राहायची आणि वाट बाजरीतून होती. भाद्रपदात बाजरी मुलांच्या डोक्याच्या वर जाते. चौथ्या दिवशी मी वस्तीवर गेलो. आई म्हणाली, “गुरुजी, पोरीनं धसका घेतलाय. राहू द्या आता घरीच. तशीही मोठी झालीये.” भुताची मला भीती वाटत नव्हती, या शेवटच्या वाक्याची वाटली. धसका चार दिवसांत ओसरला असता, पण घरी राहिलेली मुलगी परत येतेच असं नाही.

“भूतबित काही नसतं” हे मी तिला सांगितलं, आणि सांगतानाच ते किती पोकळ आहे हे जाणवलं. तिने ते डोळ्यांनी पाहिलं होतं, माझ्याकडे नुसते शब्द होते. म्हणून मी तीच कॅसेट पुन्हा मागवली. मुख्याध्यापक नाखूष होते, पण खोली दिली. रविवारी दिवसाढवळ्या, दारं-खिडक्या उघड्या ठेवून, ती, तिचे वडील आणि वर्गातली सहा-सात मुलं एवढेच बसलो. सबंध सिनेमा मुलांना दाखवण्याजोगा नव्हताच. मी तीन तुकडे निवडले होते.

आधी यंत्र उघडून दाखवलं. अर्धा इंच रुंदीची प्लॅस्टिकची फीत, तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडसारख्या चुंबकीय पदार्थाचा थर. फीत सेकंदाला जेमतेम २३ मिलिमीटर सरकते, म्हणजे गोगलगायीपेक्षा थोडी बरी. चित्रासाठी हा वेग फारच अपुरा आहे. आवाजाचे संकेत सेकंदाला काही हजार कंपनांचे असतात. चित्राचे लाखांच्या घरात जातात. ते टिपायचे तर फीत हेडसमोरून अनेक मीटर दर सेकंदाला पळायला हवी. तशी पळवली तर तीन तासांच्या सिनेमाला कित्येक किलोमीटर फीत लागेल. यावरची युक्ती अशी की फीत हळूच चालवायची आणि हेडच फिरवायचं. ६२ मिलिमीटर व्यासाच्या एका तिरक्या ढोलावर समोरासमोर दोन हेड बसवलेली असतात आणि ढोल सेकंदाला २५ फेरे घेतो. परीघ गुणिले फेरे करून पाहा: हेड आणि फीत यांचा परस्परवेग सेकंदाला पावणेपाच मीटरच्या पुढे जातो. ढोल तिरका असल्याने फितीवर तिरक्या रेघा उमटतात. एकेक रेघ म्हणजे अर्धं चित्र, दोन रेघा मिळून एक पूर्ण चौकट.

थांबवायचं बटण दाबलं की फीत थांबते, ढोल मात्र फिरतच राहतो. हेड त्याच रेघा पुन्हा पुन्हा वाचत राहतं, म्हणून चित्र गोठल्यासारखं दिसतं. फीत थांबल्यामुळे रेघेची तिरपी आणि हेडची वाट तंतोतंत जुळत नाहीत. पडद्यावर जो खरखरीत पट्टा येतो तो त्यामुळे. हेड एकाच जागी घासत राहून थर झिजू नये म्हणून काही मिनिटांनी यंत्र आपणहून सुटतं.

पहिला तुकडा वटवाघळाचा. ते भिरभिरत येतं आणि म्हाताऱ्याच्या डोक्यावर घिरट्या घालतं. मुलं लगेच म्हणाली, “दोरा असणार.” मग पडद्याला नाक लावून शोध सुरू झाला. दोरा काही दिसेना. मुलगी माझ्याकडे बघत होती.

दोरा का दिसत नाही याचा हिशेब फळ्यावर मांडला. व्हीएचएस चित्रात एका आडव्या ओळीवर ढोबळमानाने सव्वातीनशे बारकावे मावतात. दृश्याची रुंदी तीन मीटर धरली तर एका बारकाव्याच्या वाट्याला नऊ मिलिमीटरहून थोडं जास्त येतं. शिवायचा दोरा असेल ०.२ मिलिमीटरचा, म्हणजे त्या ठिपक्याचा पन्नासाव्या भागाच्या आसपास. तो काळा असला तरी ठिपका शेकडा दोनच काळवंडणार. एवढा फरक फितीच्या खरखरीत बुडून जातो. मूळ ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर बारकावे कितीतरी जास्त असतात, तिथे दोरा पकडला जाऊ शकतो. म्हणून जुन्या कारागिरांनी वेगळी तोड काढली: काळ्या पडद्यासमोर काळा दोरा. आपल्याकडे या कामात बाबूभाई मिस्त्री यांचं नाव मोठं. विजय भट्ट यांच्या ‘ख्वाब की दुनिया’ (१९३७) मध्ये त्यांनी अदृश्य माणसाच्या करामती अशा दोऱ्यांवर उभ्या केल्या आणि ‘काला धागा’ हे टोपणनावच त्यांना चिकटलं. पुढे ‘संपूर्ण रामायण’ (१९६१), ‘पारसमणी’ (१९६३) असे चमत्कारांनी भरलेले चित्रपट त्यांनी दिग्दर्शित केले. आज जुन्या फिल्म मोठ्या बारकाव्याने स्कॅन करतात, तेव्हा इतकी वर्षं लपलेले दोरे कधी कधी उघडे पडतात.

पण आमच्या खोलीत तो दिसत नव्हता हे खरंच. तेव्हा मी विचारलं, “दिसत नसेल तर मोजता येईल का?” वटवाघूळ घिरट्या संपवून मधोमध लोंबकळतं, तेव्हा ते थोडं झुलतं. एका टोकापासून निघून पुन्हा त्याच टोकाला येईपर्यंत चौकटी मोजायच्या. मुलीच्याच हाती वायरचा रिमोट दिला. एकेक चौकट पुढे नेत तिने मोजल्या: ४८. सिनेमाच्या सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे दोन सेकंद. दोन सेकंदांचा लंबक किती लांबीचा, हे वर्गात दगड आणि सुतळी घेऊन केलेलंच होतं: सुमारे एक मीटर. झुलण्याचा काळ लांबीवर ठरतो, वजनावर नाही. लंबकाला दगड बांधा नाहीतर वटवाघूळ. दोरा दिसलाच नाही, त्याची लांबी मात्र मिळाली. वडील तोवर दाराशी उभे होते, ते येऊन पुढच्या बाकावर बसले.

दुसरा तुकडा भुताच्या पडण्याचा. गोष्टीप्रमाणे बुरूज दीडशे फूट उंच, म्हणजे ४५ मीटर. पडणारी वस्तू सेकंदांच्या वर्गाला ४.९ ने गुणलं तेवढे मीटर खाली जाते. ४५ मीटरला तीन सेकंद लागायला हवेत. आधी मुलांनी घड्याळ लावलं, पण घड्याळ दाबायला माणसाला सहज पाव सेकंद उशीर होतो आणि इथे सगळा प्रकारच एका सेकंदाच्या आत आटोपत होता. पुन्हा चौकटी मोजल्या. १७. म्हणजे ०.७१ सेकंद. वर्ग ०.५०, गुणिले ४.९, उत्तर अडीच मीटरच्या जवळपास. (तेव्हा मी चुकून २५ ने भागलं होतं, कारण आपला टीव्ही सेकंदाला २५ चौकटी दाखवतो. आपल्याकडे सिनेमा टीव्हीवर किंचित घाईनेच चालतो, हे मला पुढे कळलं. पण एका चौकटीत फिल्मची एकच चौकट असते, म्हणून हिशेब २४ चाच.) मुलीने मान वळवून खोलीच्या दाराकडे पाहिलं. भूत दारापेक्षा हातभर उंच जागेवरून पडलं होतं, आणि ते भूत नसून बाहुली होती.

एका मुलाने नेमकी शंका काढली: “गुरुजी, त्यांनी स्लो मोशन केलं असलं तर?” फार चांगला प्रश्न. कॅमेरा तिप्पट वेगाने चालवला असेल तर पडद्यावरचा वेळ खऱ्याच्या तिप्पट, आणि खरी उंची आपल्या उत्तराच्या एक-नवमांश. म्हणजे भूत आणखीच बुटक्या जागेवरून पडलं असणार. जाणकार लोक लहान प्रतिकृतीसाठी मुद्दाम असंच करतात. पंचविसाव्या हिश्श्याची प्रतिकृती असेल तर कॅमेरा पाचपट वेगाने चालवायचा, म्हणजे पडणं खरं वाटतं. आमच्या सिनेमावाल्याने फिल्मची बचत केली होती.

तिसऱ्या तुकड्यात मला काहीच करावं लागलं नाही. रात्रीचा प्रसंग, म्हातारा कंदील उंच धरून चालतो आहे. मुलीने स्वतःच चित्र थांबवलं आणि म्हणाली, “कंदिलाचा उजेड त्याच्या तोंडावर पडतच नाही.” प्रसंग भर दुपारी घेतलेला होता, छिद्र बारीक करून आणि निळी काच लावून रात्र केलेली. सूर्यापुढे कंदील काय उजळणार! हे मी आधी चार वेळा पाहूनही मला दिसलं नव्हतं.

यानंतर वर्गाला चटक लागली आणि मलाही. दारासिंगचा ‘चाँद पर चढाई’ (१९६७) माणूस चंद्रावर उतरण्याच्या दोन वर्षं आधीचा. असल्या सिनेमातली चंद्रावरची मारामारी पाहताना एक प्रश्न विचारावा: दीड मीटरवरून पडलेला माणूस किती चौकटींत जमिनीला टेकतो? पृथ्वीवर १३, चंद्रावर ३३. मोजा आणि चित्रीकरण कुठल्या गोलावर झालं ते सांगा.

कुणी म्हणेल, यात सिनेमाची मजा गेली. माझा अनुभव उलटा आहे. अडीच मीटरच्या पुठ्ठ्याच्या बुरुजावरून बाहुली ढकलून चारशे माणसांना जागेवर खिळवणाऱ्याबद्दल हिशेबानंतर आदर वाढतो. हसू येतं, पण ते हिणवण्याचं नसतं. शेजारच्या नाशिक जिल्ह्यात मालेगावला नासिर शेख हे व्हिडिओ पार्लर चालवणारे गृहस्थ. सिनेमे दाखवता दाखवता त्यांनी स्वतः ‘मालेगाव के शोले’ (२०००) काढला. पुढच्या सुपरमॅनच्या वेळची त्यांची खटपट फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (२००८) या माहितीपटात दिसते: हिरव्या पडद्यासमोर उडणारा सडपातळ सुपरमॅन, आणि क्रेनच्या जागी बैलगाडी. हिरवा रंग गाळून तिथे आकाश भरायचं, ही ती युक्ती. व्हिडिओत रंगांचे बारकावे उजेड-अंधाराच्या बारकाव्यांपेक्षा खूप कमी साठवलेले असतात, त्यामुळे अशा स्वस्तातल्या दृश्यांत नायकाच्या कडेला हिरवी किनार राहून जाते. जुन्या कॅसेटवर लाल रक्त शर्टाच्या बाहेर ओघळल्यासारखं दिसतं, त्याचंही कारण हेच.

व्हीसीआर आता गेले. शेवटच्या मोठ्या जपानी उत्पादकाने २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. पण मोबाइलवर किंवा संगणकावर एकेक चौकट पुढे नेता येते, आणि चित्र गोठवल्यावर खरखरीत पट्टाही येत नाही. वर्गात करायचं असेल तर कॅमेरा हलत नसलेला आणि मध्ये न तुटलेला तुकडा निवडा, नाहीतर मोजमाप फसतं. सुरुवातीला सेकंदाला चौकटी किती ते तपासून घ्या. मोबाइलवरच्या नकलांत ते बदललेलं असतं. भुताचे तुकडे आधी स्वतः एकट्याने पाहा.

ती मुलगी सोमवारी बाजरीतल्या वाटेने शाळेत आली. रविवारी उठता उठता तिने मला काय विचारलं तेही सांगतो. “गुरुजी, आता ते बुरुजाचं एकदा न थांबवता लावता का?” लावलं. भूत पडलं तेव्हा ती दचकलीच, आणि मग दाराकडे बघून हसली.