नांदेड व लातूर येथील लोहमार्ग : रुळांच्या मापाचा इतिहास

अमुक गांवीं आगगाडी अमुक सालीं आली, एवढें सांगितल्यानें लोहमार्गाचा इतिहास पुरा होत नाहीं. ती कोणत्या दिशेनें आली, कोणाच्या द्रव्यानें आली, आणि तिच्या दोन रुळांमधील अंतर किती होतें, हें पाहिल्यावांचून त्या गांवाच्या व्यापाराचा उलगडा होत नाहीं. मराठवाड्यांतील नांदेड व लातूर हीं दोन शहरें याचें उत्तम उदाहरण होत. दोन्ही निजामाच्या राज्यांतलीं. तरी एकाची गाडी हैदराबादेहून आली, दुसऱ्याची कुर्डुवाडीहून. आणि मापें भिन्न असल्यामुळें एकीची वाघीण दुसरीच्या रुळांवर चालणें शक्य नव्हतें.

प्रथम नांदेडचा विचार करूं. निजामी राज्यांतील पहिला लोहमार्ग वाडी ते हैदराबाद हा १८७४ सालीं खुला झाला. वाडी येथें तो जी. आय. पी. कंपनीच्या मुंबई-रायचूर मार्गास मिळत असल्यामुळें त्याच मापाचा, म्हणजे ५ फूट ६ इंच रुंदीचा होता. गोदावरीच्या खोऱ्यांत मात्र अल्प खर्चाचे, एक मीटर मापाचे रूळ घालण्यांत आले. हें काम निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे कंपनीकडे होतें. कंपनीच्या नांवांतील 'गॅरंटीड' हें पद भागीदारांच्या भांडवलावरील व्याजाबद्दल राज्यानें दिलेल्या हमीचें द्योतक आहे. हैदराबाद-गोदावरी खोरें रेल्वे या नांवाचा, सुमारें ३९१ मैल लांबीचा हा मार्ग १८९९ ते १९०१ या काळांत टप्प्याटप्प्यानें खुला झाला.

सिकंदराबादेहून निघालेला हा मार्ग निजामाबादेवरून येऊन बासरजवळ गोदावरी ओलांडतो. तेथून धर्माबाद, उमरी, मुदखेड, नांदेड असा नदीच्या उत्तरेकडून पूर्णेस पोहोंचतो. पुढें परभणी, सेलू, परतूर, जालना, औरंगाबाद (आतांचें छत्रपती संभाजीनगर) व दौलताबाद हीं स्थानकें घेऊन तो मनमाडास संपतो. पूर्णेहून हिंगोलीची शाखा १९१२ सालीं निघाली. मनमाडचा जी. आय. पी. मार्ग रुंद मापाचा. त्यामुळें नांदेडकडील कापसाच्या गांठी मुंबईस धाडावयाच्या तर त्या मनमाडास एका वाघिणींतून काढून दुसरींत भराव्या लागत. हमाली, विलंब व नासाडी हा मापभेदाचा कर व्यापाऱ्यानेंच भरावयाचा असे.

लातूरची हकीकत निराळी आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याच्या खटपटीनें १८९५ सालीं लंडनमध्यें बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली. तिचें माप अवघें २ फूट ६ इंच. कोणत्याही आंसावर ५ टनांहून अधिक भार पडूं द्यावयाचा नाहीं, हें कॅलथ्रॉपच्या योजनेचें सूत्र होतें. इंजिन असो वा वाघीण, भार अनेक आंसांवर सारखा वांटला कीं हलके रूळ पुरतात, आणि अर्थातच खर्चही कमी होतो. १८९७ सालीं कुर्डुवाडी ते बार्शी हा २१ मैलांचा तुकडा सुरू झाला. १९०६ सालीं गाडी पंढरपुरास गेली व वारकऱ्यांची सोय झाली. पूर्वेकडे १९०७ सालीं तडवळें व १९११ सालीं लातूर गांठलें. पश्चिमेकडे १९२७ सालीं मिरज. बार्शी इंग्रजी मुलखांत, लातूर निजामी. परंतु व्यापारानें ती सरहद्द मानली नाहीं. लातूरच्या पेठेचें तोंड हैदराबादेपेक्षां मुंबईकडे वळलें तें या छोट्या गाडीनें. मात्र कुर्डुवाडीस येथेंही मालाची उतारचढ होतीच.

पुढें मालक बदलले. निजाम सरकारनें आपल्या राज्यांतील कंपनीची रेल्वे १९३० सालीं ताब्यांत घेतली. १९५१ सालीं ती मध्य रेल्वेंत विलीन झाली व १९६६ सालीं दक्षिण मध्य रेल्वेकडे गेली. बार्शी लाइट रेल्वे भारत सरकारनें १९५४ सालीं विकत घेतली. नांदेड येथें २००३ सालीं दक्षिण मध्य रेल्वेचा विभाग झाला. लातूर मात्र मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागांत राहिलें. राज्य गेलें, कंपन्या गेल्या, तरी मूळच्या दोन दिशा टिकून राहिल्या. आजही नांदेडहून लातुरास रेल्वेनें जाणारा उतारू परभणी, परळी व लातूर रोड असा वळसा घालतो.

मापें मात्र बदललीं. मनमाड-नांदेड मार्ग गेल्या शतकाच्या अखेरीस रुंद झाला. कुर्डुवाडी-लातूर मार्ग २००८ पर्यंत रुंद झाला व त्या वेळीं तो धाराशिवावरून नेण्यांत आला. पंढरपूर-मिरज मार्गही त्यानंतर लौकरच रुंद झाला. या बदलाचें मोल २०१६ सालच्या दुष्काळांत दिसून आलें. लातूरच्या नळांस पाणी उरलें नव्हतें. एप्रिल महिन्यांत मिरजेहून टाकीच्या १० वाघिणींची पहिली गाडी सुमारें ५ लाख लिटर पाणी घेऊन आली. पुढें ५० वाघिणींच्या गाडीनें एका खेपेस सुमारें २५ लाख लिटर पाणी येऊं लागलें. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर हा त्या गाडीचा क्रम म्हणजे स्थूलमानानें जुन्या बार्शी लाइट रेल्वेचाच क्रम होय.

लातुरास रूळ १९११ पासून होतेच. परंतु देशांतील इतर मार्गांवरच्या मोठ्या वाघिणी त्यांवर येऊं शकत नव्हत्या. कापसाची गांठ एका वाघिणींतून दुसरींत हलवितां येते. तहानलेल्या शहराचें पाणी कुर्डुवाडीस उतरवून पुन्हां भरीत बसणें परवडलें नसतें. म्हणून लोहमार्गाच्या इतिहासांत सनावळीबरोबर रुळांचें मापही नोंदलें पाहिजे.